टायकान घ्यावी की नाही?

पावणेदोन-दोन कोटींच्या गाडीबद्दल भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाने मत द्यावे, हे काही वाचकांना गमतीचे वाटेल. पण माझा एक जुना विद्यार्थी आखातात वीस वर्षे कष्ट करून आता कायमचा परत येतो आहे, आणि त्याच्या मनात पोर्शेची टायकान भरली आहे. ‘सर, घेऊ का?’ असे त्याने विचारले. कमाई हलालची आहे, शौक त्याचा आहे. त्यामुळे ‘एवढ्या पैशात काय काय झाले असते’ हे प्रवचन मी त्याला दिले नाही. गाडीच्या किमतीचा आणि तिच्या वापराचा मेळ बसतो का, एवढेच पाहिले. त्याच्यासारखे विचार करणारे आणखीही असतील, म्हणून इथे मांडतो.

उर्दूच्या माणसाला आधी नावच खुणावते. तुर्कीत ‘ताय’ म्हणजे शिंगरू, आणि ‘जान’ म्हणजे फारसीतून आलेली, आपल्या रोजच्या बोलण्यातली जान. तुर्कीच्या रोमन लिपीत ‘ज’साठी जे अक्षर वापरतात ते बाकीचे जग ‘क’ वाचते, म्हणून आपल्याकडे टायकान. कंपनीही या नावाचा अर्थ तरुण, उमद्या घोड्याचा प्राण असाच सांगते.

घोडा उमदा आहे, यात शंका नाही. २०१९ मध्ये ही गाडी आली तेव्हा इतर इलेक्ट्रिक गाड्या साधारण ४०० व्होल्टवर चालत होत्या. हिने ८०० व्होल्टची यंत्रणा आणली. व्होल्टेज दुप्पट झाले की तेवढ्याच शक्तीसाठी निम्मा विद्युतप्रवाह पुरतो. तारा कमी तापतात आणि चार्जिंग वेगाने होते. मागच्या चाकांना दोन गिअर दिले, एक झटपट सुटण्यासाठी आणि दुसरा मोठ्या वेगासाठी. २०२४ च्या सुधारित टर्बो एसची ताकद ९५२ पीएस आहे आणि ती शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग २.४ सेकंदांत गाठते. (टर्बो हे नुसते नाव, गाडीत ना इंजिन, ना टर्बो.)

पण २.४ सेकंदांना भुलून जाऊ नये. सरळ रस्त्यावर एकदा उसळी मारणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या आता कितीतरी आहेत, आणि त्यातल्या काही बऱ्याच स्वस्त आहेत. टायकानचे खरे वेगळेपण आहे ते न थकण्यात. बाजारात येण्यापूर्वी जर्मनीतल्या लार येथील धावपट्टीवर तिने शून्य ते २०० किलोमीटरची धाव लागोपाठ २६ वेळा घेतली. इटलीतल्या नार्दोच्या चाचणीमार्गावर २४ तासांत ३,४२५ किलोमीटर कापले. पुन्हा पुन्हा जोर लावला की बॅटरी तापते आणि गाडी आपली ताकद आवरते घेते, ही इलेक्ट्रिक गाड्यांची जुनी अडचण. पोर्शेने त्यावर मेहनत घेतली, आणि आपण जास्तीचे पैसे मोजतो ते याच मेहनतीचे.

आता या गुणाची गरज आपल्या रस्त्यांवर किती वेळा पडते? समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. मुंबईहून रत्नागिरीला जायचे, तर मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत चालले आहे. तिथे शंभरचा वेग पकडला न पकडला तोच पुढे डायव्हर्शनचा फलक उभा असतो. गाडी सव्वादोन टनांच्या आसपास वजनाची आणि जमिनीलगत बसकी. हवेचे सस्पेन्शन तिला थोडी वर उचलते, आणि नेहमीचा गतिरोधक आला की आपणहून उचलण्याची सोयही त्यात आहे. पण ती सोय जागा लक्षात ठेवते. रातोरात पडलेला खड्डा तिला कसा कळणार?

चार्जिंगचे गणित तर प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावे. कंपनी सांगते, १० ते ८० टक्के १८ मिनिटांत. आकडा खरा आहे, पण तो ३२० किलोवॅटपर्यंत वीज घेतानाचा, म्हणजे तेवढी वीज देणारा चार्जर समोर असेल तेव्हाचा. आपल्या महामार्गांवर ६० किलोवॅटचे चार्जर बरेच भेटतात. मोठ्या बॅटरीचा ७० टक्के भाग म्हणजे सुमारे ६८ युनिट. ६० किलोवॅटने ते भरायला तासाहून जास्त वेळ लागतो, आणि शेजारी दुसरी गाडी लागून वीज वाटली गेली तर आणखी जास्त. १८ मिनिटांसाठी पैसे मोजायचे आणि सव्वा तास चहा पीत बसायचे!

म्हणून माझा पहिला प्रश्न वेगाचा नाहीच: गाडी रात्री कुठे उभी राहणार? स्वतःची पार्किंगची जागा, थ्री-फेज वीजजोडणी आणि ११ किलोवॅटचा चार्जर असेल तर रिकामी बॅटरी साधारण नऊ तासांत, म्हणजे रात्रभरात भरते. मग रोजची चिंता मिटते. सोसायटीने परवानगी दिली नसेल, तर आधी तो कागद हातात घ्यावा आणि मग शोरूमची पायरी चढावी.

पैशाचा हिशोबही सरळ नाही. भारतात टायकान नोव्हेंबर २०२१ मध्ये दीड कोटीपासून सुरू झाली; २०२४ च्या सुधारित ४एसची किंमत एक कोटी नव्वद लाखांच्या घरात गेली. रस्त्यावर आणण्याचा खर्च वेगळा. इलेक्ट्रिक म्हणून जीएसटी ५ टक्केच, पण गाडी जर्मनीहून तयार येते, त्यामुळे सीमाशुल्काचा भार मोठा. आपल्याकडे अनेकजण व्याज टाळतात आणि गाडी रोखीने घेतात; त्यांना वाटते, आता वरचा खर्च काही नाही. खर्च असतो, फक्त त्याचा हप्ता दिसत नाही. ब्रिटन-अमेरिकेत तीन-चार वर्षे जुन्या टायकान मूळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास विकल्या गेल्या आहेत. नव्यांची मागणीही घसरली: जगभरात २०२३ मध्ये ४०,६२९ गाड्या ग्राहकांना मिळाल्या, २०२४ मध्ये २०,८३६. विकत घेताना जो विकण्याचा विचार करत नाही, त्याने ही गाडी घेऊ नये.

दोषही तपासावेत. २०२१ मध्ये चालता चालता शक्ती जाण्याच्या तक्रारींमुळे सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी आणि २०२४ मध्ये पुढच्या ब्रेकच्या नळ्यांसाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या. काही गाड्यांच्या बॅटरीचाही प्रश्न निघाला. जुनी टायकान घेणाऱ्याने ही कामे झाल्याची लेखी नोंद मागावी आणि बॅटरीच्या क्षमतेचा अहवालही. बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी असते, हे त्यातल्या त्यात आश्वासक.

मग उत्तर काय? ज्याला गाडी स्वतः चालवण्याचा मनापासून शौक आहे, घरी चार्जिंग आहे, लांबच्या प्रवासाला दुसरी गाडी आहे, आणि निम्मी रक्कम गेली तरी ज्याच्या घराची घडी विस्कटणार नाही, त्याने खुशाल घ्यावी. शक्यतो दोन-तीन वर्षे जुनी, नीट तपासलेली. पहिल्या मालकाने मोठी घट सोसलेली असते. ज्याला मागच्या सीटवर आई-वडिलांना आरामात बसवून गावी न्यायचे आहे, त्याने मर्सिडीजची ईक्यूएस पाहावी. ती आपल्या चाकणला जोडली जाते, २०२२ मध्ये १.५५ कोटीला आली, आणि एका चार्जिंगमध्ये तिचा पल्ला लांबचा आहे.

आणि ज्याला लग्नाच्या मांडवासमोर उभी करायची आहे? त्याने एका दिवसासाठी भाड्याने आणावी. फोटो तेवढाच चांगला येतो.

माझ्या विद्यार्थ्याला म्हातारे अब्बा-अम्मी आहेत, गाव कोकणात आहे आणि गाडी एकच ठेवायची आहे. त्याला मी ‘नको’ म्हणालो. गाडी कमी पडते म्हणून नाही. तिचे जे मोल आहे ते त्याच्या रस्त्यावर वसूल होणार नाही म्हणून.