विश्लेषण : ॲपलाचियाचे पहाडी संगीत कसे टिकून आहे?

अमेरिकेतील ॲपलाचिया डोंगररांगांतील ‘ओल्ड-टाइम’ संगीताचा कणा दोन वाद्ये : युरोपीय स्थलांतरितांनी आणलेले फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकींच्या परंपरेतून आलेला, चामड्याने मढवलेला बॅन्जो. ही विद्या प्रामुख्याने कानावरून शिकली जाते. त्यामुळे जुना वादक गेला की त्याची धाटणीही जाण्याचा धोका असतो.

ध्वनिमुद्रण पुरेसे नाही?

त्यातून चाल कळते. गज कसा फिरतो, हे समोर बसूनच उमगते. म्हणूनच नॉर्थ कॅरोलिनातील टॉमी जॅरेल यांच्या घरी तरुण वादक शिकायला येत. १९८५ मध्ये जॅरेल यांचे निधन झाले.

आता शिकवते कोण?

२००० मध्ये त्याच राज्यात ‘ज्युनिअर ॲपलाचियन म्युझिशियन्स’ उपक्रम सुरू झाला. शाळा सुटल्यावर मुले स्थानिक वादकांकडून शिकतात. व्हर्जिनियातील गॅलॅक्सची स्पर्धा १९३५ पासून व्यासपीठ देते. पण तिथे उभे राहणारे वादक घडतात ते अशा वर्गांत आणि घरांतच.