भरवशाचे घड्याळ कोणते?

उज्जयिनी ही भारतीय कालगणनेची प्राचीन नगरी. ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांनी मध्यरेखा हिच्यावरून मानली. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी येथे वेधशाळा बांधली व १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने तिचा जीर्णोद्धार झाला. तेथील सम्राट यंत्राची छाया आपल्या मनगटी घड्याळाशी जुळत नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, उज्जैन सुमारे ७५.८ अंशांवर, म्हणून सुमारे २७ मिनिटांचे अंतर पडते. ऋतुमानाप्रमाणे त्यात आणखी पाव तासापर्यंत कमीअधिक होते. तरीही ते यंत्र टाकाऊ ठरत नाही. कारण त्याचा फरक नियमबद्ध आहे आणि कोष्टकावरून तो सुधारता येतो. लहरी घड्याळास मात्र कोणतेच कोष्टक लागू पडत नाही.

हाच न्याय आजच्या यंत्रांसही लावावा, असे आमचे मत आहे. पाण्याचा पंप वा हवामानाची नोंद सांभाळणाऱ्या पेटीत चिमुकला संगणक असतो व पुष्कळदा त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. तिच्या गाभ्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे यंत्रभाग चालविणारा कार्यक्रम, लिहिणाऱ्यापुढे अनेक घड्याळे असतात. प्रोसेसरच्या गतीने धावणारा गणक सर्वांत सूक्ष्म. पण कित्येक जुन्या प्रोसेसरांत वीज वाचविण्यासाठी गती उतरली की तोही मंदावे, आणि गाढ निद्रेत थांबे. चिपमधील स्वस्त आंदोलक उष्णतेने ढळतो. त्यात शेकडा एक चूक झाली, तर दिवसाकाठी १४ मिनिटे गेली! क्वार्ट्‌झ स्फटिकात दहा लक्षांत वीस भागांची चूक धरली, तरी दिवसास दोन सेकंदही होत नाहीत.

लिनक्समध्ये प्रत्येक कालस्रोतास गुण दिलेले असतात व अधिक गुणांचा स्रोत निवडला जातो. परंतु तेवढ्यावर भागत नाही. अनेक संगणकांत एक पहारेकरी त्या घड्याळाची दुसऱ्याशी तुलना करीत राहतो आणि ते ढळलेले आढळताच त्यास अस्थिर ठरवून पदच्युत करतो. गुणपत्रिका मिळाली तरी परीक्षा संपत नाही, हा बोध विद्यार्थ्यांनी घेण्याजोगा आहे.

स्फटिकास खर्च पडतो, जागाही लागते, असा आक्षेप कोणी घेईल. नुसता दिवा लुकलुकवायचा असेल, तर तो आम्हांस मान्य आहे. पण दोन यंत्रे एकाच तारेवरून बोलतात, तेव्हा त्यांच्या घड्याळांत शेकडा काही अंशांहून अधिक तफावत पडली की अक्षरांचा गोंधळ होतो. नोंदीची वेळ चुकली, तर नोंदच निरर्थक. तेथे ही काटकसर महागात पडते.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, उद्या यंत्र घडवाल तेव्हा वेगास भुलू नका. हे घड्याळ उन्हात ढळते काय, यंत्र निजल्यावर थांबते काय आणि ते कोणाशी ताडून पाहिले, हे तीन प्रश्न आधी विचारा. उत्तरे मिळाल्यावरच त्याच्या हाती काळ सोपवा.