उमेदवार आपला, पण निवडला कुणी?

लोकसभेची निवडणूक लागली की आमच्या वस्त्यांत उमेदवाराची ओळख करून देणाऱ्यांची रीघ लागते. 'स्थानिक आहे', 'समाजाचा आहे', 'हक्काचा माणूस आहे' ही तीन वाक्ये झाली की ओळख संपते. गळ्यात निळा गमछा, पुतळ्याला हार, जोरात जय भीम, आणि सभा उठते. आम्ही विचारतो, ही ओळख झाली की जाहिरात?

स्थानिक असणे म्हणजे इथल्या मतदारयादीत नाव असणे नव्हे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा त्यांची ओळख करून द्यायला वक्त्याची गरज नव्हती. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा हा माणूस १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात आघाडीवर होता. खासदार असतानाही १९५९ साली ते भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करत होते. तिथे काम आधी होते, उमेदवारी नंतर आली. आज तिकीट जाहीर झाल्यावर उमेदवाराचे समाजकार्य शोधावे लागते!

काही तरुण मित्र म्हणतात, राखीव जागेवर तरी आपलाच माणूस जातो ना? महाराष्ट्रातल्या ४८ पैकी अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर या पाच जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथला खासदार जातीने आपला असतो हे खरे. पण त्याला निवडले कुणी? २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले, तरी एक अधिकार उरला होता. अस्पृश्य मतदारांनी आधी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून सर्व मतदारांनी एकाला निवडायचे. संविधानानंतरच्या निवडणूक पद्धतीत ही प्राथमिक निवडणूक राहिली नाही. पहिली चाळणी वस्तीच्या हातून सुटली आणि पक्षाच्या कार्यालयात गेली. मग तो माणूस पक्षश्रेष्ठींचे ऐकतो यात नवल काय?

ही चाळणी पुन्हा हातात घ्यायला नवा कायदा लागत नाही. आपापल्या विहारात उमेदवारांना बोलवा. पक्ष कोणताही असो, जागा राखीव असो वा खुली, प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारा.

पहिला : तिकीट मिळण्याआधीच्या पाच वर्षांत ॲट्रॉसिटीच्या कोणत्या प्रकरणात तुम्ही पीडित कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात गेलात?

दुसरा : खासदार निधी वर्षाला पाच कोटींचा. त्यातला किमान १५ टक्के वाटा अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असतो. तो कोणत्या वस्तीत, कोणत्या कामाला देणार?

तिसरा : पक्षाचा आदेश आणि समाजाचे हित समोरासमोर आले तर कुठे उभे राहाल?

उमेदवाराने अर्जासोबत दिलेले शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. त्यात दाखल गुन्हे, संपत्ती, शिक्षण सगळे असते. त्याची प्रत काढून विहाराच्या भिंतीवर लावा.

यावर हमखास उत्तर येते, 'प्रश्न काय विचारता, निवडून येणारा बघा.' निवडून येणे महत्त्वाचे आहेच, मत वाया घालवा असे आमचे म्हणणे नाही. पण तेवढीच कसोटी लावायची तर १९५२ साली उत्तर मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात बाबासाहेब स्वतः पराभूत झाले होते. ते उमेदवार म्हणून कमी पडले असे म्हणायची कुणाची हिंमत आहे?

मित्रांनो, बाबासाहेबांनी आपल्याला मताचा अधिकार दिला तो विचार करून वापरण्यासाठी. उमेदवार दारात हात जोडून येतो तेव्हा त्याला बसायला सांगा, पाणी द्या आणि प्रश्न विचारा. जो उत्तर देईल त्याच्या सभेच्या सतरंज्या आपण आनंदाने उचलू. जो चिडून उठून जाईल, त्याने आपली ओळख स्वतःच करून दिलेली असेल.

जय भीम!