कृषि विद्यापीठांच्या मोटारी

सरकारी व स्वायत्त संस्थांच्या पंधरा वर्षांहून जुन्या मोटारींची नोंदणी ता. १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊं लागली, आणि सन २०२१ च्या धोरणापासून नव्या मोटारी विजेच्या घेण्याकडे राज्य सरकारचा ओढा आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारही कृषि विद्यापीठांस जुन्या जीपगाड्या मोडींत काढून नव्या घेणें प्राप्त आहे. त्या कोणत्या घ्याव्या, याविषयीं शेतकऱ्यानें मौन धरणें बरें नव्हे.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसुली कचेरींत झाली. आमची एक जीप एका क्षुल्लक सुट्या भागावांचून वर्षभर लिंबाखालीं उभी होती; निर्लेखनाचा कागद मात्र टेबलोटेबलीं फिरत होता. (जीपपेक्षां तोच अधिक चालला असावा.) तेव्हां नवें यंत्र दिसलें कीं तें दुरुस्त कोण करणार, हाच आमचा पहिला प्रश्न असतो.

आवारांतल्या फेऱ्यांना विजेची गाडी उत्तम. अंतर ठरलेलें व रात्रीं मुक्काम ठाण्यावर. परंतु नांगरटीचें काम जड व सलग असतें, तेथें बॅटरी लौकर उतरते. आणि कित्येक गांवीं शेतीस थ्री-फेज वीज अद्याप आठ-दहा तासच मिळते. विद्यापीठाच्या गोठ्यांतील शेणाचा विचार मग कां होऊं नये? एका जनावराचें रोजचें दहा किलो शेण धरलें तर पन्नास जनावरांचा गोबरगॅस सुमारें २० घनमीटर होतो. त्यांतील कर्बवायु व गंधकयुक्त वायु काढून उरलेला मिथेन दाबानें टाकींत भरला कीं सीएनजीची मोटार त्यावर चालते. असें इंधन आठ किलोच्या आसपास निघेल. तेवढ्यांत एका लहान मोटारीची शंभर किलोमीटरांची फेरी सहज होते, व मळी खत म्हणून शेतांत जाते. सारा ताफा त्यावर चालणार नाहीं, हें उघड आहे.

विद्यापीठानें वीज निवडावी कीं गॅस, याहून आमचा आग्रह निराळा आहे. प्रत्येक वाहनाची नोंदवही दर सहामाहीस छापून प्रसिद्ध व्हावी: किलोमीटर किती, ट्रॅक्टर असल्यास तास किती, युनिटें वा इंधन किती, आणि दुरुस्तीसाठीं उभें किती दिवस. विजेचे ट्रॅक्टर आतां बाजारांत आले आहेत. विद्यापीठाचा बेत फसला तर एक निर्लेखनाचा कागद वाढेल. कर्ज काढून ट्रॅक्टर घेणाऱ्याची मात्र जमीन गहाण असते. असा ठराव आपल्या सभेच्या येत्या बैठकींत यावा; मसुदा लिहून ठेविला आहे.