पदरमोडीचा हिशेब

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील मुलगा एका औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. सोमवारी पहाटे पुण्याहून निघावे आणि सातारा, कराड, कोल्हापूर असे करीत शुक्रवारी रात्री परतावे, हा त्याचा क्रम. पेट्रोल, टोल, लॉजचे भाडे, जेवणखाण, सारे त्याच्याच खिशातून. महिनाअखेर पावत्या जोडून बिल पाठवायचे आणि वाट पाहायची. गेल्या दिवाळीत त्याचे सत्तावीस हजार रुपये कंपनीकडे अडकले होते, आणि घरी क्रेडिट कार्डाची बाकी फुगत होती. एवढ्या मोठ्या कंपनीला एका पगारदाराकडून उसने घ्यावे लागावे, याचे त्याच्या आईला भारी नवल वाटले.

माउलीने नेमका शब्द वापरला. मालकाच्या कामासाठी नोकर स्वतःचा पैसा घालतो तेव्हा तो मालकाला कर्जच देत असतो, तेही बिनव्याजी. कार्डावर मात्र महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज त्यालाच भरावे लागते.

पगाराला कायद्याने तारीख नेमून दिली आहे. १९३६ च्या वेतन कायद्यात ती आस्थापनेच्या आकारानुसार पुढील महिन्याची सात किंवा दहा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने मासिक वेतनासाठी ती सरसकट सात केली आणि नोकरी सुटल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करण्याचे बंधन घातले. परंतु कामाच्या स्वरूपामुळे करावा लागणारा खास खर्च भागविण्यासाठी दिलेली रक्कम दोन्ही कायद्यांनी ‘वेतन’ या व्याख्येबाहेर ठेवली आहे. ती मिळकत नव्हे, तेव्हा हे तर्काला धरूनच आहे. मात्र व्याख्येबाहेर पडताच ती रक्कम तारखेच्या संरक्षणालाही मुकते. राजीनामा दिलेल्या माणसाचा पगार वेळेवर जमा होतो, प्रवासाची बिले ‘पडताळणीत’ राहतात. नव्या नोकरीत रुजू झालेला माणूस त्यासाठी किती खेटे घालणार?

याच कंपनीला खोकी पुरविणाऱ्या लघुउद्योजकाची स्थिती पाहा. २००६ च्या कायद्यानुसार त्याचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. प्रत्यक्षात त्यालाही झगडावे लागते, ही गोष्ट निराळी. पण निदान हक्क कागदावर आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये दौऱ्याच्या प्रवासभत्त्याचा दावा सादर करण्याची मुदत एक वर्षावरून साठ दिवसांवर आणली. शिस्त म्हणून ते योग्यच झाले. मागणाऱ्याला मुदत असेल तर देणाऱ्यालाही ती हवी, एवढेच आपले म्हणणे.

स्वतःचा पैसा गुंतला की माणूस जपून खर्च करतो, असा युक्तिवाद व्यवस्थापनाकडून होतो. चहापाणी, रिक्षा अशा किरकोळ खर्चापुरता तो मान्य करू. पण आठवडाभराच्या दौऱ्याला तो लागू केला, की ज्याच्या गाठीशी पैसा आहे तोच कामाचा ठरतो आणि ज्याच्या घरी वडिलांचे आजारपण वा मुलीचे शुल्क आहे तो दौरे टाळू लागतो. साहेबाच्या नजरेत मग तो कामचुकार.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी सामाजिक कामात आयुष्यभर पदरमोड केली आहे. ती स्वेच्छेची असते, आणि तिचा हिशेब कुणी मागत नाही. अलीकडे कंपन्याही ‘आपण सारे एक परिवार’ अशी भाषा बोलतात. पण नफ्याची वाटणी ठरताना या परिवारात चुलत-मावस कुणी नसते. सेवाभावाची ही भाषा नोकरीतल्या सक्तीच्या पदरमोडीला लावणे म्हणजे सेवाभावाचीच थट्टा होय.

जुन्या कचेऱ्यांत यासाठी ‘तसलमात’ होती. उमेदीच्या काळात मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो. दौऱ्यावर निघण्याआधी रोखपाल वहीत सही घेऊन रक्कम हातावर ठेवीत. परतल्यावर बातमीआधी हिशेब मागत, आणि मागची तसलमात वळती झाल्याखेरीज पुढची देत नसत. एकदा माझ्या हिशेबात एस.टी.चे एक तिकीट कमी भरले. त्यांनी ते साडेचार रुपये पगारातून कापले.