बियाण्याचा करार शेतकऱ्यालाही वाचता यावा

कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राची ओळख कोकणातल्या भात उत्पादकाला करून द्यावी लागत नाही. ब्रिटिश काळापासून येथे भातावर काम चालत आले आहे आणि ‘कर्जत’ या नावापुढे क्रमांक लावलेले वाण कोकणच्या खाचरांत रुजले आहेत. १९७२मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या याच केंद्राने १९९८मध्ये ‘सह्याद्री’ हा संकरित भात दिला. सुधारित वाणाचे बियाणे शेतकरी आपल्याच कणगीतून पुढच्या हंगामासाठी राखू शकतो; संकरित वाणाचे मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण पुढच्या पिढीत गुण विखुरतात. ते तयार करायला मूळचे नर-मादी वाण हाती असावे लागतात. ते वाण विद्यापीठ कोणाला, किती वर्षांसाठी, एकालाच की अनेकांना देते, यावर खालापूरच्या शेतकऱ्याला पिशवी कोणत्या भावात मिळेल हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. हे सारे ठरते ते विद्यापीठ आणि बाहेरचा भागीदार यांच्यातल्या करारात. संशोधन जनतेच्या पैशातून झालेले असेल, तर त्या कराराच्या मुख्य अटी जनतेसमोर असल्याच पाहिजेत.

विद्यापीठांनी बाहेरच्यांशी करार करूच नयेत, असे यातून मुळीच निघत नाही. लागणारे सगळे बियाणे विद्यापीठ आपल्या प्रक्षेत्रांवर पिकवू शकत नाही. बियाणे महामंडळ, सहकारी संस्था किंवा खासगी कंपनी यांच्याशिवाय चांगला वाण संशोधन केंद्राच्या कुंपणाआडच राहील. शिवाय संशोधन हे मुळातच देवघेवीवर चालते. ‘सह्याद्री’चा मादी वाण फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तयार झालेला आहे. देशोदेशींची सार्वजनिक सामग्री खुलेपणाने मिळाली म्हणून कर्जतला संकर साधता आला. जे खुल्या देवघेवीतून उभे राहिले, ते पुढे बंद दाराआड एकाच्या हाती जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

दार बंद ठेवले की काय होते, हे भाताच्याच बाबतीत रायपूरने दाखवले. तेथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे डॉ. आर. एच. रिछारिया यांच्या परिश्रमातून उभा राहिलेला, वीस हजारांहून अधिक देशी भातांचा संग्रह आहे. २००२मध्ये विद्यापीठाने सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी सहकार्याची बोलणी चालवली असल्याचे बाहेर आले आणि छत्तीसगडभर संतापाची लाट उसळली. ज्यांच्या पूर्वजांनी ते भात निवडले आणि जपले, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. वर्ष संपण्याआधीच कंपनीने माघार घेतली. त्या सहकार्यात चांगले काही होते की नाही, याची चर्चाच होऊ शकली नाही. गुप्ततेमुळे विश्वास गेला आणि विश्वासाबरोबर प्रस्तावही.

करार झालाच नाही म्हणूनही अन्याय होतो. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळ्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ हा बारीक भात तयार केला. १९९४मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण आला. वाण आपण शुद्ध केला, ही विद्यापीठाची भूमिका होती. आपले श्रेय गेले, ही दादाजींची अखेरपर्यंतची खंत राहिली. २०१८मध्ये ते गेले. बियाणे देता-घेताना एका कागदावर चार ओळी लिहिल्या गेल्या असत्या, तर हा वाद उद्भवला नसता. कंपनीशी बोलताना विद्यापीठ वकिलाचा सल्ला घेते, मग शेतकऱ्याकडून बियाणे नेताना साधी पोचही का देऊ नये? कर्जतच्या डोंगरपट्ट्यात ठाकूर, कातकरी आणि कुणबी कुटुंबांनी जपलेले देशी भात आहेत. उद्या त्यांतून एखादा गुण उचलला गेला, तर त्या कुटुंबांची नोंद पहिल्या दिवसापासून असायला हवी.

यावर म्हटले जाईल की २००१च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने हा प्रश्न सोडवला आहे. कायदा मोलाचा आहे, यात शंका नाही. शेतकऱ्याने विकसित केलेला वाण त्याला स्वतःच्या नावे नोंदवता येतो आणि आदिवासी वा ग्रामीण कुटुंबांनी जपलेली सामग्री वापरली असेल तर पैदासकाराला ते उघड करावे लागते. पण हे उघड करण्याची वेळ येते ती वाणाची नोंदणी करताना, म्हणजे बियाणे घेतल्यानंतर अनेक वर्षांनी. तोवर कागद नसेल तर शेतकऱ्याच्या हाती पुरावा उरत नाही.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा, व्यापारी गुपितांचा. तो काही अंशी रास्त आहे. बियाणे उत्पादनाची पद्धत किंवा कंपनीचा खर्च कोणी चव्हाट्यावर मांडायला सांगत नाही. माहिती अधिकाराच्या कायद्यातही व्यापारी गोपनीयतेला सूट आहे. मात्र व्यापक सार्वजनिक हित असेल तर ती सूट लागू होत नाही. भागीदाराचे नाव, कराराची मुदत, हक्क एकट्याला की अनेकांना, स्वामित्वशुल्काचा दर आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाकडे, या पाच गोष्टींत गुपित म्हणावे असे काही नाही.

यातली शेवटची बाब शेतीपुरती मर्यादित नाही. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी मोठा रासायनिक पट्टा आहे. एखाद्या कारखान्याने पाण्याचा किंवा मातीचा अभ्यास विद्यापीठाकडे सोपवला, तर निष्कर्ष काठावरच्या गावांना कळणार की नाही, हे करारातले एक कलम ठरवते. कॅनडात थॅलेसेमियावरील औषधाचे परीक्षण करणाऱ्या डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांना १९९६मध्ये धोका दिसला आणि तो त्यांनी रुग्णांना सांगायचे ठरवले, तेव्हा अपोटेक्स कंपनीने गोपनीयतेच्या अटीवर बोट ठेवून कायदेशीर कारवाईची धमकी दिली. आरोग्याशी संबंधित निष्कर्ष दडवून ठेवता येईल अशा अटीवर विद्यापीठाने सही करता कामा नये.

तिसरा आक्षेप दिरंगाईचा: आधीच रिक्त पदांनी वाकलेली विद्यापीठे आणखी कागदपत्रे कशी सांभाळणार? ब्रिटनने या अडचणीवर २००५मध्ये विद्यापीठे आणि उद्योग यांच्यासाठी नमुना करारांचा ‘लॅम्बर्ट’ संच काढला. तयार मसुदा असला की प्रत्येक वेळी वाटाघाटी शून्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत. महाराष्ट्रातल्या चारही कृषी विद्यापीठांनी मिळून असा मराठी संच करणे अवघड नाही: एक कंपनीसाठी, एक सहकारी संस्थेसाठी आणि एक पानाचा, शेतकऱ्याकडून बियाणे घेताना भरायचा.

सुरुवात दापोलीच्या कार्यकारी परिषदेने करावी. चालू असलेल्या प्रत्येक कराराचा एका पानाचा मराठी गोषवारा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आणि कर्जतच्या केंद्रात ठेवावा आणि यापुढे शेतकऱ्याचे बियाणे पोच दिल्याशिवाय घेऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही की मोठा निधीही लागत नाही. विद्यापीठ ज्यांच्या नावाने उभे आहे त्यांना उत्तर द्यायची तयारी मात्र लागते, आणि ती दाखवणाऱ्या विद्यापीठाच्या हाती शेतकरी आपले जपलेले बियाणेही निर्धास्तपणे देईल.