बंद करणे आणि बुजवणे

स्कॉटलंडचा फोर्थ-क्लाइड कालवा १ जानेवारी १९६३ रोजी वाहतुकीला बंद झाला. पूर्वेचे ग्रेंजमथ आणि पश्चिमेचे बोलिंग यांना जोडणारा हा ३५ मैलांचा जलमार्ग १७९० मध्ये पुरा झाला होता. वाफेच्या ‘शार्लट डंडस’ने १८०३ मध्ये मालाचे दोन पडाव ओढून दाखवले, ते याच पाण्यावर. तो बंद पडला एका रस्त्यासाठी. कॅसलकॅरीजवळच्या नव्या महामार्गावर बोटींसाठी उघडणारा पूल बांधण्याचा खर्च सरकारला नको होता.

तो हिशेब अगदीच वेडगळ नव्हता. पाणी भरून-उतरवून बोटी वर-खाली करणाऱ्या ३९ जलपाशांतून साधारण सत्तर फुटांपर्यंतचीच बोट जाई. मालवाहू जहाजे केव्हाच त्याहून मोठी झाली होती. शिवाय १८६७ पासून कालव्याची मालकी रेल्वे कंपनीकडे, म्हणजे दुधाची राखण मांजराकडे! समुद्रापासून दूर किर्किंटिलॉकला ‘पफर’ नावाच्या छोट्या वाफेच्या बोटी बांधल्या जात, तेही काम १९४५ मध्येच आटोपले होते. ग्लासगोच्या दाट वस्तीत तर कालव्यात पोरे बुडत. तिथल्या आईबापांना तो बुजलेलाच बरा वाटला असेल, तर त्यांना वारशाचे धडे कोणी द्यावेत?

तरीही नुकसान झालेच. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मच्छीमार होड्यांचा जवळचा रस्ता तुटला. त्यांच्या वाट्याला उत्तरेचा लांब वळसा आला. काठच्या गावांपुढे साचलेले पाणी आणि कचरा उरला.

आमच्या मते चूक वाहतूक थांबवण्यात नव्हती, वाट कायमची मोडण्यात होती. ठेंगणे पूल टाकले, पाणी नळांतून वळवले, ग्रेंजमथकडचे टोक भरून टाकले. पुढे हा कालवा आणि एडिनबरोकडे जाणारा युनियन कालवा पुन्हा जिवंत करायला सुमारे आठ कोटी पौंड लागले. २००१ मध्ये बोटी परतल्या; पुढच्या वर्षी फॉल्कर्कचे ३५ मीटर उंच चाक त्यांना एका कालव्यातून दुसऱ्याकडे उचलू लागले. त्या बोटी सहलीच्या, मालाच्या नव्हेत. तेवढ्यापुरते १९६३ चे हिशेबनीस खरे ठरले.

याच कालव्यावरच्या डलम्यूरला मात्र ठेंगण्या पुलावरचा रस्ता हलवणे शक्य नव्हते. तिथे आता जलपाशातले पाणीच खाली उतरवतात, बोट पुलाखालून सरकते आणि पलीकडे पाणी पुन्हा भरतात. वर वाहने चालूच असतात.